उभ्या गाडीचा रविवार

सोमवार, ५ ऑगस्ट २०२४. रात्रीचा १ वाजून ४२ मिनिटं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या वरच्या अंगाला, कालव्याकडे चढत जाणाऱ्या एका गल्लीत माझी गाडी उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, पुढची चाकं भिंतीकडे वळवलेली. उभ्या गाडीने याहून जास्त काय करायचं असतं, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

पुढे जे घडलं त्याला पोलिसांच्या कागदात ‘अपघात’ असा शब्द आहे. अपघात अवचित होतो अशी आपली समजूत असते. हा तर आदल्या सकाळपासून शिजत होता. खालचा घटनाक्रम मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, कोपऱ्यावरच्या डेअरीचा सीसीटीव्ही आणि धडक देणाऱ्याच्या मित्राने पोलीस ठाण्यात सांगितलेली हकीकत यांवरून जुळवला आहे. डेअरीच्या कॅमेऱ्याचं घड्याळ ११ मिनिटं पुढे होतं. पंचनाम्यात तशी नोंद आहे, म्हणून इथे वेळा दुरुस्त करून दिल्या आहेत.

रविवार, सकाळी ७.४०. अजून १८ तास.

मटणाच्या दुकानासमोरची रांग दुधाच्या डेअरीपर्यंत आली होती आणि दूधवाला वैतागला होता. गटारी बहुतेक वर्षी आडवारी येते, मग लोक ती आधीच्या रविवारी उरकून घेतात. २०२४ साली आषाढी अमावास्येने स्वतःच रविवार गाठला. त्यात श्रावण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सुरू होणार. पाळणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सोमवारचा उपास. म्हणजे जे काही करायचं ते आजच्या आज.

याच अमावास्येला आमच्याकडे दिव्यांची अवस. आईने समई, निरांजनं, लामणदिवा असं सगळं चिंचेच्या कोळात घालून ठेवलं होतं. एकाच तिथीला निम्मं शहर दिवे घासतं आणि उरलेलं निम्मं ग्लास विसळतं. काही घरांत दोन्ही होतं, आणि त्यात गैर काही नाही. मीही काही माळकरी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी ११.१०. अजून साडेचौदा तास.

ग्रुपवर मेसेज आला: खडकवासल्यातून विसर्ग वाढवतायत, पार्किंगमधल्या गाड्या काढून घ्या.

दहाच दिवसांपूर्वी, २५ जुलैला, असा मेसेज कुणाला वेळेवर मिळाला नव्हता. त्या पहाटे धरणातून ३५ हजार क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि एकता नगरी आणि आसपासच्या सोसायट्यांत लोक झोपेत असताना मुठा घरात शिरली. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला अशा चार धरणांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या वर, पण शेवटच्या खडकवासल्यात जेमतेम दोन टीएमसी मावतात. वरून आलेलं पाणी ते धरून ठेवू शकत नाही, सोडूनच द्यावं लागतं. आमची इमारत एकता नगरीच्या थोडी पुढे. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. माझी गाडी नेमकी त्या वेळी सर्व्हिसिंगला दिलेली होती म्हणून वाचली. शेजारच्या एकाने घाबरून पाण्यातच स्टार्टर मारला, इंजिनात पाणी गेलं, आणि ‘बंद गाडी पाण्यात बुडणं वेगळं आणि पाण्यात चालू करणं वेगळं’ असं सांगून विमा कंपनीने इंजिनाचा क्लेम नाकारला. त्या एका वाक्याने सोसायटीत विम्यावर जितकं प्रबोधन झालं, तितकं एजंटांनी वीस वर्षांत केलं नसेल.

तर या खेपेला सगळे शहाणे झालेले. अर्ध्या तासात पार्किंग रिकामं. सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या बाजूला उतार आहे, पलीकडची बाजू मुठेच्या उजव्या कालव्याकडे चढत जाते. मी गाडी तिकडे, चढावरच्या गल्लीत नेली. कडेला जागा होती, नो पार्किंगची पाटी नव्हती, कुणाच्या फाटकासमोर येत नव्हती, वरती झाडाची फांदीही नव्हती. फांदी मुद्दाम पाहिली.

निघताना तळमजल्यावरच्या काकूंनी हाक मारली. २५ तारखेला त्यांच्या दिवाणाखालून पाणी वाहिलं होतं. त्या भजनी मंडळाला पेटी वाजवून देतात. सासऱ्यांच्या वेळची पेटी, जुन्या पितळी सुरांची. पहिल्या पुरात ती कपाटावर असल्यामुळे बचावली. “तुझ्या डिकीत राहील का रे आजच्या रात्री? वर चढवायला माझ्यात ताकद नाही,” काकू म्हणाल्या. पेटी दोन सतरंज्यांत गुंडाळून डिकीत आडवी ठेवली. बाजूला आईच्या दवाखान्याची फाइल, घराचे कागद, मिक्सर. पूर येणार म्हटल्यावर माणूस काय काय उचलतो याची ती यादीच होती.

दुपारी १.३०. अजून १२ तास.

आता तो. त्याचं नाव इथे देत नाही, देऊन काही साधतही नाही. पस्तिशीचा, स्वतःचा छोटा व्यवसाय, पांढरी एसयूव्ही, घरी बायको आणि शाळेत जाणारा मुलगा. मित्राच्या सांगण्याप्रमाणे दुपारी एकाच्या घरी मटण-भाकरी आणि प्रत्येकी एक-दोन बिअर. मग वामकुक्षी. बिअर संध्याकाळपर्यंत उतरली असणार, तिचा हिशेब मी यात धरत नाही.

दुपारी ४ ते संध्याकाळी ७.

एकता नगरीत लष्कराची तुकडी आली. बोटी आल्या, वाहिन्यांच्या गाड्या आल्या, पुढारी यायचे होते. सगळं शहर नदीकडे बघत होतं. मीही गॅलरीतून नदीकडेच बघत होतो. १९६१चं पानशेत पाहिलेली माणसं आता फार उरलेली नाहीत, पण ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं’ हे सांगणारी प्रत्येक मजल्यावर निघतात.

या तीन तासांत माझ्या गाडीला काहीही झालं नाही.

संध्याकाळी ७.१५. अजून साडेसहा तास.

पाटावर घासलेले दिवे मांडून आईने पूजा केली. कणकेचे गोड दिवे उकडले होते, त्यांवर तूप. त्याच सुमारास त्याच्या घरी एक संवाद झाला. तो मित्राने ऐकला आणि पुढे ठाण्यात जसाच्या तसा सांगितला. वहिनी म्हणाल्या, “पाऊस आहे, रिक्षाने जा. परत येताना गाडी नको.” तो म्हणाला, “पाऊस आहे म्हणूनच गाडी नेतोय.”

युक्तिवाद म्हणून यात खोट काढता येत नाही.

रात्री ८.४०. अजून ५ तास.

बायपासच्या बाजूचं एक परमिट रूम. चौघे टेबलावर बसले.

महाराष्ट्रात दारू पिण्याला कागद लागतो, हे परमिट रूम हे नाव रोज वाचणाऱ्यालाही आठवत नाही. १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याखाली परवाना घेऊनच प्यायची असते. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना मिळतो, आणि तीव्र मद्यासाठी वय २५ पूर्ण लागतं. कोण किती वर्षांचा, कुणाकडे परवाना आहे, हे बघण्याची तजवीज कायद्याने केली आहे. प्यालेला माणूस घरी कसा जाणार हे बघण्याची तजवीज मात्र त्या टेबलाजवळ कुणाकडेच नसते. वेटरकडे नाही, मॅनेजरकडे नाही, आणि बाहेर छत्री धरून गाड्या लावून देणाऱ्या पोऱ्याकडे तर नाहीच नाही. तो दहा-वीस रुपयांच्या आशेने किल्ली हातात देतो.

चौघांत दीड खंबा संपला, असं बिलावरून दिसतं. म्हणजे डोई २८० मिलीच्या आसपास, छोट्या पेगांत मोजलं तर नऊ. आता थोडं गणित करू, कारण ‘मला चढत नाही’ हे वाक्य गणितापुढे टिकत नाही. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलीच्या पेगात तो साधारण १० ग्रॅम येतो. ७० किलोच्या पुरुषाच्या दर १०० मिली रक्तात तेवढ्याने २० मिलिग्रॅमच्या आसपास भर पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. पहिल्या पेगला आत, दुसऱ्याला बाहेर, इतकं ते सोपं आहे. उरलेले सात पेग मर्यादेच्या बाहेरचेच.

उतरायचा वेगही ठरलेला. यकृत तासाला १५ मिलिग्रॅमच्या आगेमागे उतरवतं. लिंबू पिळा, काळी कॉफी प्या, तोंडावर गार पाणी मारा, पान खा, यकृत घाई करत नाही. पान खाल्ल्याने वास तेवढा बदलतो.

रात्री ९.३०. अजून ४ तास.

मी छत्री घेऊन गाडी बघून आलो. काही कारण नव्हतं, पेटी आत होती म्हणून. गल्लीच्या तोंडाशी वर्तमानपत्रांचा एजंट राहतो. पहाटे चारला त्याची पोरं माझ्या गाडीच्या पुढ्यात, बंद दुकानाच्या पायरीवर बसून पुरवण्या घालतात. त्याने विचारलं, “सकाळी काढणार ना गाडी? पोरांना पायरी लागते.” म्हटलं, पाणी ओसरलं की लगेच. तो म्हणाला, “राहू द्या हो, तुमच्या गाडीच्या आडोशाने उलट पाऊस लागणार नाही.”

रात्री ११.२०.

चौघांपैकी एकाने तासावर मिळणारा ड्रायव्हर बोलवायचं सुचवलं. पुण्यात हे आता सहज मिळतं, अर्धा किलो मटणाच्या पैशांत. सूचना हसण्यावारी गेली. “इथून घर पाच किलोमीटर नाही.” हेही अंतर म्हणून बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांची सगळीच विधानं अशी सुटीसुटी बरोबर होती.

रात्री १२.०५. अजून ९७ मिनिटं.

टेबलावर धर्मचर्चा. मोबाइलवर सोमवार लागला, म्हणजे श्रावण लागला, आता बस झालं, असं एकाचं मत. दुसऱ्याने पंचांग काढलं: आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला साहेबाचा. तेव्हा उजाडेपर्यंत आषाढच. शास्त्रार्थ बिनतोड असल्यामुळे आणखी एक राउंड आली.

रात्री १.२८. अजून १४ मिनिटं.

दीडला शटर ओढायचं म्हणून दिवे मालवायला सुरुवात झाली. बाहेर रिपरिप. छत्रीवाल्या पोऱ्याने गाडी दारात आणून दिली. मित्राने शेजारच्या सीटवर बसता बसता विचारलं, “मी घेऊ का?” त्यानेही तितकीच घेतलेली होती, तेव्हा तो प्रश्न तसा निरर्थकच होता. उत्तर आलं, “एकदम ओके आहे रे मी.”

इथे जरा थांबतो. हा उन्हाळा-पावसाळा पुण्यात काही साधा नव्हता. १९ मे २०२४ला कल्याणीनगरमध्ये अडीचच्या सुमारास एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. काही तासांत जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध, आणि मग रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक. ७ जुलैला वरळीत बीएमडब्ल्यूने दुचाकीवरच्या बाईचा जीव घेतला आणि आरोपी चालक दोन दिवसांनी सापडला. अडीच महिने पुण्यात दुसरा विषय नव्हता. कट्ट्यावर, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, आणि तेव्हा त्या परमिट रूममध्येही बोलणं झालंच असेल. त्याच्या मित्राला मी नंतर हे विचारलं. तो म्हणाला, “झालं होतं ना. त्या पोराला फाशी द्यायला पाहिजे असंच आम्ही म्हणत होतो.”

रात्री १.३६. अजून ६ मिनिटं.

मुख्य रस्त्यावर उड्डाणपुलाच्या कामाचे पत्रे. पुढच्या चौकात शनिवार-रविवारी नाकाबंदी असते, तिथे तोंडाला नळी लावतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो आधीच वळला आणि कालव्याच्या बाजूने आतल्या गल्ल्यांत शिरला. पोलीस कुठे असतात ते आठवत होतं, ब्रेक कुठे असतो ते नाही.

वास्तविक त्या रात्री त्या चौकात कुणीच नव्हतं. पुष्कळ माणसं नदीवर बंदोबस्ताला गेली होती, असं नंतर हवालदारांनीच सांगितलं. तो सरळ मुख्य रस्त्याने गेला असता तर बिनबोभाट घरी पोचला असता आणि हा घटनाक्रम लिहायची वेळ आली नसती. निदान माझ्यावर.

रात्री १.४२.

फुटेज नऊ सेकंदांचं आहे. गल्ली रिकामी, रस्त्यावर दिव्याचा पिवळा ओला पट्टा. डावीकडून एसयूव्ही येते, चढ उतरत. वेग अंदाजाने पन्नासच्या पुढे, गल्लीची रुंदी वीस फूट. आधी कडेची एक ॲक्टिव्हा उडते. त्याने गाडी सावरायला चाक उलट फिरवलं आणि बहुधा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला, कारण ब्रेकचे दिवे लागतच नाहीत. मग माझ्या वॅगन आरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर सरळ. हँडब्रेक आणि पहिला गिअर असूनही गाडी दहा-बारा फूट पुढे ढकलली गेली. डावं चाक पायरीवर चढलं, पुढचं नाक बंद दुकानाच्या शटरात घुसलं. पायरीची कडप्प्याची फरशी दोन तुकडे होऊन खाली पडली.

सुरकुतलेल्या पत्र्यातून डिकी उघडेना. कटावणीने उघडली तेव्हा पेटीचा भाता फाटून बाहेर आला होता, सुरांची पाटी मधोमध चिरली होती, आणि काही पट्ट्या आईच्या एमआरआयच्या फिल्ममध्ये अडकल्या होत्या. मिक्सरला ओरखडासुद्धा नाही.

त्याच्या एअरबॅग उघडल्या. त्याच्या नाकाला थोडं खरचटलं.

रात्री १.५०.

मी पोचलो तेव्हा गल्लीतली तीस-चाळीस माणसं खाली आली होती, निम्म्यांच्या हातात मोबाइल. तो बोनेटला टेकून उभा होता. मालक कोण हे कळल्यावर त्याने माझ्याकडे पाहून पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “गाडी अशी मध्ये कशाला लावता हो तुम्ही?”

मित्र जास्त भानावर होता. “दादा, चूक आमची आहे. जे होईल ते देतो. पोलिसांचं नको, त्याच्या पोराची शाळा आहे सकाळी.” कुणाचा तरी फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडून भारदस्त आवाज: “साहेब, माणूस नाही ना गेलं? मग मिटवून टाका.”

हे वाक्य त्या रात्रीपासून मी सर्व थरांतून ऐकलं. गल्लीतल्या आजोबांनी म्हटलं, ऑफिसात म्हटलं, विम्याच्या कॉल सेंटरवरच्या मुलीने म्हटलं. पेटी बघून डोळे पुसताना काकूसुद्धा तेच म्हणाल्या, “जाऊ दे रे, माणूस नाही ना कुणी गेलं.” त्यांच्या तोंडी ते शोभलं, नुकसान त्यांचं होतं. बाकीच्यांचा मला राग आला आणि अजून आहे. माणूस गेलं नाही यात त्या माणसाचं कर्तृत्व शून्य. ते घड्याळाचं कर्तृत्व. त्याने जे केलं ते कल्याणीनगरपेक्षा वेगळं नव्हतं, समोर जे आलं ते वेगळं होतं. पण आपल्याकडे हिशेब समोर काय आलं यावरून मांडला जातो. पत्रा आला तर मिटवामिटवी, माणूस आला तर मेणबत्त्या.

११२ला फोन शेजारच्या एका कॉलेजातल्या मुलीने माझ्याही आधी लावला होता.

रात्री १.५८ ते ३.१०.

बीट मार्शल दोघे मोटारसायकलवरून आले. पाठोपाठ ठाण्याची गाडी आली. हवालदार पन्नाशीचे, दिवसभर नदीवर उभं राहून बूट भिजलेले. त्यांनी किल्ली काढून घेतली, दोन्ही गाड्यांचे फोटो काढले आणि फोनवरच्या भारदस्त आवाजाला म्हणाले, “ठाण्यात या, तिथे बोलू.” आवाज ठाण्यात आला नाही.

नळीत फुंकर मारायला लावली. आकडा १०४. मर्यादेच्या जवळजवळ साडेतीन पट.

मग रक्त. कलम १८५ खाली अटक केली की दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. ही दोन तासांची अट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती, हवालदारांना तोंडपाठ होती. “मे महिन्यापासून आम्ही रक्ताच्या बाटलीवर डोळा ठेवून असतो साहेब,” ते म्हणाले. सरकारी रुग्णालयात नमुना घेतला, सील केलं, ३.१०ला परत. नोंद लिहिताना त्यांचं पेन मात्र अडखळलं. भारतीय न्याय संहिता लागू होऊन महिना-सव्वा महिनाच झाला होता. तीस वर्षं बेदरकार वाहन चालवणं म्हणजे २७९, आता ते २८१. त्यांनी २७९ लिहिलं, खोडलं, वर सही केली, २८१ लिहिलं.

पहाटे ४.१०.

मी गाडीपाशी परत आलो तर वर्तमानपत्रांचे गठ्ठे टेम्पोतून उतरत होते. सहा पोरं, सगळ्यात लहान चौदा-पंधराचं असेल. पायरी नव्हती, म्हणून ती शेजारच्या इमारतीच्या जिन्यात बसली आणि पुरवण्या घालू लागली. पहिल्या पानावर नदीची बातमी होती. एजंट माझ्या गाडीचं चाक पायरीवर जिथे चढलं होतं तिथे उभा राहून बराच वेळ बघत होता. काही बोलला नाही, पोरांना मात्र उगाचच दोनदा ओरडला.

नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये त्या रात्री आलंच नाही.

त्यानंतर.

गॅरेजने खर्चाचा अंदाज दिला १ लाख ३१ हजार. गाडी २०१६ची. विम्याच्या नियमाप्रमाणे पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ४० टक्के घसारा, प्लास्टिक-रबरावर ५० टक्के, काच पूर्ण मिळते. वर सक्तीचे एक हजार आपले. हातात ७८ हजार मंजूर झाले. पाच वर्षं क्लेम न केल्याबद्दल मिळणारा ५० टक्क्यांचा बोनस शून्यावर आला. गाडी उभी होती, चूक दुसऱ्याची होती, हे बोनसच्या रकान्यात बसत नाही. तुमच्या पॉलिसीतून क्लेम केला की बोनस जातो. डिकीतल्या वस्तू तर पॉलिसीत धरतच नाहीत.

उरलेलं धडक देणाऱ्याकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून मागायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. हे न्यायाधिकरण फक्त मृत्यू आणि जखमांसाठी असतं असं पुष्कळांना वाटतं. मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही तिथेच चालतो. मुदत अपघातापासून सहा महिने. मी लावला आहे. त्यात पेटी ही वेगळी बाब म्हणून लिहिली आहे. ती किती जुनी, सूर कसले, दुरुस्तीचा अंदाज किती, हे भवानी पेठेतल्या एका कारागिराकडून लिहून घेतलं. काकू सध्या मंडळाच्या पेटीवर वाजवतात आणि तिचा काळी दोन बेसूर आहे अशी तक्रार करतात.

त्याने कलम १८५चा गुन्हा कबूल केला. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १० हजार दंड झाला, त्याने तो भरला, तो सरकारजमा झाला. माझ्याकडे किंवा काकूंकडे त्यातला रुपया येत नाही, येण्याची सोयही नाही. परवाना तीन महिने निलंबित होता. २८१चा खटला चालू आहे. मधल्या काळात त्याचा मित्र दोनदा येऊन गेला, दर वेळी बरोबर एक टाइप केलेला कागद: ‘उभयपक्षी समझोता झाला असून माझी कोणतीही तक्रार नाही’. रकमेची जागा कोरी.

तुमच्या उभ्या गाडीवर असा कुणी येऊन आदळला, तर आधी ११२ला फोन करा. नळीचा आकडा आणि रक्त घेतल्याची वेळ नोंदवून घ्या. जवळच्या दुकानाचं फुटेज पुसलं जायच्या आत मागून घ्या. सहा महिन्यांच्या आत दावा लावा. ‘माणूस नाही ना गेलं’ म्हणत जो येईल त्याला चहा पाजा, पण त्याने आणलेल्या कागदावर सही करू नका.